शेखमामांच्या गृहभेटी

शेखमामा कुणाच्याही घरी गेले की आधी पाण्याच्या टिपाडाचं झाकण उचलून आत बघायचे. आपण "या, बसा" म्हणेपर्यंत त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात गेलेला असे. तिथून बोटभर लांबीची बॅटरी निघे, तिचा उजेड पाण्यावरून फिरे आणि मगच ते टेकत. लग्नाचं घर असो नाहीतर दुखवट्याचं, यात फरक नव्हता. एकदा गावातल्या एका बड्या असामीच्या वास्तुशांतीला त्यांना जेवायचं आमंत्रण होतं. पंगत बसली तरी मामा दिसेनात. शोधलं तर ते गच्चीवर टाकीत वाकून बघत होते. खाली येऊन त्यांनी यजमानांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "घर लई झ्याक बांधलंत. पर टाकीत अळ्या झाल्यात. टाकी उपसायला लावा, मंग जेवतो." यजमानांनी हसत हसत वर माणूस पाठवला. टाकी रिकामी होईपर्यंत मामा पंगतीत ताटाला हात न लावता बसून राहिले.

इस्माईल शेख आरोग्य खात्यात आरोग्य सेवक होते. सगळी नोकरी त्यांनी परंडा तालुक्यातच काढली. थंडीताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, भिंतीवर गेरूनं भेटीची तारीख लिहायची, लस टोचायच्या दिवशी घरोघर जाऊन आयांना लेकरांसकट गोळा करून आणायचं, ही त्यांची कामं. सरकारी भाषेत याला गृहभेट म्हणतात. मामा बोलताना इतर कितीही रांगडं बोलोत, हा एक शब्द मात्र ते कागदावर असतो तसा स्वच्छ उच्चारायचे. "आज पाच गृहभेटी झाल्या," असं ते निवृत्त होऊन दहा वर्षं झाल्यावरही सांगत. कारण निवृत्तीनंतर पगार थांबला, भेटी थांबल्या नाहीत. प्रत्येक गल्लीला त्यांनी वार ठरवून दिला होता. आमच्या गल्लीचा वार गुरुवार.

उंच, हडकुळा देह, पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी आणि चेहऱ्यावर काही हरवलंय ते शोधत असल्याचा भाव. माझ्या आईला ते आक्का म्हणत, म्हणून ते माझे मामा. ती त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, ती त्यांना एकेरी हाक मारी. हे नातं कसं जुळलं ते मी कधी विचारलं नव्हतं. लहानपणापासून बघत आलेल्या गोष्टी माणूस विचारत नाही.

परंड्यात बसस्थानकाच्या रस्त्याला माझं किराणा दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक दार. ज्या काळाबद्दल सांगतोय त्या वेळी माझी मुलगी श्रावणी नऊ वर्षांची होती, चौथीत. एकुलती एक. अंगानं चांगलीच जाड होती. तिचं वजन किती होतं तो आकडा मी इथंही लिहीत नाही. मामांनी तो आमच्या घरात उच्चारायला बंदी केली होती आणि ती बंदी अजून कुणी उठवलेली नाही.

एका गुरुवारी मामा आले, टिपाड बघितलं, चहा घेतला. श्रावणी शाळेतून आली आणि दप्तर ठेवायला वाकली. मामांनी तिच्या मानेकडं पाहिलं. मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा होता. माझी बायको सविता दर रविवारी तो नारळाच्या शेंडीनं घासायची. पोरगी रडायची, पट्टा जायचा नाही. श्रावणी आत गेल्यावर मामा हळू आवाजात म्हणाले, "सविता, मानेवरला तो मळ न्हाई. घासू नको. लेकराचं वजन वाढलं की काहींना असं होतं. एकदा डॉक्टरला दाखवा, साखर तपासून घ्या."

मला राग आला. खात्यापित्या घरची पोर आहे, वय वाढेल तशी उंची होईल, असं काहीतरी मी तोडून बोललो. वर असंही म्हणालो की मामा, तुमचं काम डासांचं. ते ऐकून सविता चपापली. मामांनी कपबशी खाली ठेवली, टोपी नीट केली आणि गेले. मला वाटलं, आता महिनाभर फिरकणार नाहीत. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा हजर. टिपाड बघितलं, बसले, श्रावणीला शाळेचं विचारलं आणि जाताना दारात मला एकच सांगितलं, "डॉक्टरकडं जाऊन या." त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. न रागावता, न विनवता. पाण्याची टाकी उपसा म्हणून सांगावं तसं. असे पाच गुरुवार गेले.

त्या दिवसांत श्रावणीच्या पोटात दुखायला लागलं होतं. फक्त शनिवारी. शनिवारी सकाळची शाळा आणि कवायत. मी दोन-तीनदा तिला घरी ठेवली. मग एकदा सवितानं दप्तर धुवायला काढलं तर तळाशी दुकानातल्या चटकमटक पाकिटांच्या रिकाम्या पिशव्यांचा गोळा निघाला. मी पोरीला समोर बसवून जरा आवाज चढवूनच विचारलं, एवढं सगळं तू एकटी खातेस का?  ती म्हणाली, मी नाही खात सगळी. मैत्रिणींना देते. दिली की त्या डबा खाताना शेजारी बसू देतात.

त्यानंतरचा गुरुवार येईपर्यंत मी थांबलो नाही. संध्याकाळीच मामांच्या घरी गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते. मी जे बोललो होतो त्याबद्दल माफी मागायची होती. त्यांनी त्या वाटेला जाऊच दिलं नाही. उद्या पहिल्या गाडीनं बार्शीला जाऊ म्हणाले, मी येतो बरोबर.

बार्शीच्या डॉक्टरीणबाईंनी श्रावणीला तपासलं, रक्त घेतलं. साखर हद्दीच्या काठावर होती. औषध लागणार नाही, पण आता दुर्लक्ष करू नका, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, किती किलो उतरवायचे? त्यांनी सांगितलं की वाढत्या वयाच्या मुलीचं वजन घाईनं उतरवायचं नसतं. वजन आहे तिथं धरून ठेवायचं, उंची वाढू द्यायची, दोन-तीन वर्षांत अंग आपोआप जागेवर येतं. दर तीन महिन्यांनी दाखवायला या, वजन इथंच करू. मामा हे सगळं मान डोलावत ऐकत होते. परतीच्या गाडीत श्रावणी खिडकीशी झोपली तेव्हा ते मला म्हणाले, "दोन-तीन वर्सं म्हणल्या बाई. ध्यानात ठेव, सुधीर. आठ दिवसांत कटाळलास तर मला तोंड दाखवू नको."

त्यांनी आमच्या घरासाठी जे नियम केले ते सगळे आम्हा मोठ्यांसाठी होते. श्रावणीसाठी एकही नव्हता. 'जाड' हा शब्द आणि वजनाचा आकडा घरात कुणी काढायचा नाही, लाडानंही नाही. तिच्या ताटात जे असेल तेच सगळ्यांच्या ताटात असेल. तिच्या पुढ्यातली पोळी कुणी उचलायची नाही, आणि आग्रहानं वाढायचीही नाही. सकाळचा चहा-खारी बंद, त्याऐवजी घरातल्या सगळ्यांना ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. जेवताना टीव्ही बंद, आणि माझा मोबाईलसुद्धा. पोर वेळेवर झोपली पाहिजे, म्हणजे घरातले दिवे वेळेवर मालवले पाहिजेत. हे ऐकून मी म्हणालो, मामा, वजन तिचं वाढलंय, पथ्य मात्र सगळ्या घरानं करायचं? ते माझ्या पोटाकडं बघून म्हणाले, "ती हे कुठनं शिकली? एका घरात मलेरिया निघाला तर आमी एकाच माणसाची खाट फवारत न्हाई. अख्खं घर फवारतो."

सगळ्यात अवघड गोष्ट होती दुकान. दाराला लटकलेल्या पाकिटांच्या माळा बघून मामा काही वेळ उभे राहिले. त्या काढून टाक असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी मला विचारलं, पोरगी दुकानात दिवसातून किती वेळा येते? मी म्हटलं, येतच असते, शाळेतून आली की इथंच घुटमळते. आणि आली की तू काय करतोस? मला उत्तर द्यावं लागलं. गिऱ्हाईक असायचं, हिशेब चालू असायचा, ती काहीतरी सांगायला यायची आणि मी माळेतलं एक पाकीट तोडून तिच्या हातात द्यायचो. म्हणजे ती गप्प बसायची. इतकी वर्षं मी याला लाड समजत होतो. मामा म्हणाले, "लेकरू बोलायला येतंय, खायला न्हाई." त्या दिवसापासून मी गल्ल्याशेजारी एक स्टूल ठेवलं. ती आली की तिथं बसायची आणि शाळेचं सांगायची. गिऱ्हाइकं तोवर थांबायची. कुणाचं काही बिघडलं नाही. पाकिटं मी आजही विकतो, खोटं कशाला सांगू, पण माळा दारातून काढून आतल्या फळीवर गेल्या आणि मधल्या दारातून घरात एकही पाकीट गेलं नाही.

दोन महिने नीट गेले. मग सविताच्या लक्षात आलं की तुपाचा डबा घरात कुणी तूप खात नसताना उतरतोय. दुपारी आम्ही दोघं दुकानात असताना आई श्रावणीला तूप-साखर लावून पोळीची गुंडाळी देत होती. रोज दोन. विचारलं तर आई ऐकायला तयार नाही. लेकराला घास मोजून देणारं घर म्हणजे काय घर, असं म्हणून तिनं सवितालाच सुनावलं. शेवटी गुरुवारी मामा आले तेव्हा मी त्यांच्यासमोर विषय काढला. मला वाटलं होतं ते आईला समजावतील. पण आईनंच आधी तोंड उघडलं.

"इस्माईल, तूच म्हणला हुतास का न्हाई? माझी मंगल गोवरानं निपचित पडली हुती तवा. काय बी करा आक्का, पर लेकराच्या पोटात काय तरी पडू द्या. म्हणला हुतास का न्हाई?"

मंगल ही माझी मोठी बहीण. माझ्या जन्माच्या आधी दोन वर्षांची होऊन गेली, एवढंच मला ठाऊक होतं. आई तिचं नाव घेत नसे. मामांचा हात दाढीवर गेला आणि तिथंच राहिला.

"व्हय आक्का," ते म्हणाले. "म्याच म्हणलो हुतो. नोकरीचं पहिलं वरीस हुतं. ते पोर उपाशी हुतं आणि म्या आठ दिवस उशिरा आलो. तुमच्या दारात मला आठ दिवस आधी याया पायजे हुतं. ते माझ्या डोक्यातनं आजून गेलं न्हाई."

 मामा पुढं सरकले.

"हे पोर उपाशी न्हाई, आक्का. तवा बी म्याच सांगितलं, आता बी म्याच सांगायलोय. या वक्ताला मला उशीर करायचा न्हाई."

 आई उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं काही कबूल केलं नाही, कुणाची क्षमा मागितली नाही. पण दुपारी श्रावणी शाळेतून आली तेव्हा आईनं तेलाची वाटी घेतली, तिला पुढ्यात बसवलं आणि तासभर तिचे केस चोळत, विंचरत बसली. पोळीची वेळ केसांना गेली. पुढं ते रोजचंच झालं.

खाण्याचं मार्गी लागलं, चालण्याचं काही लागेना. डॉक्टरीणबाईंनी रोज तासभर तरी अंग हलू द्या म्हटलं होतं. मी श्रावणीला सकाळी मैदानावर नेऊन पाहिलं. पळणारी पोरं बघून ती माझ्या मागं लपली. उड्यांची दोरी आणली, ती खुंटीला राहिली. मग एका गुरुवारी मामांनी टिपाडाचं झाकण उचललं, बॅटरी लावली आणि बराच वेळ नुसतेच बघत राहिले. श्रावणीला हाक मारून म्हणाले, "बेटा, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू व्हायलाय. अळी हाय का न्हाई कळंना. तुझी नजर ताजी हाय. बघ जरा." तिनं बघितलं. अळ्या नव्हत्या. मामांनी विचारलं, शेजारच्या घरातही बघून देशील का?

मोतीबिंदू खरा होता, ही गोष्ट मी नंतर पडताळून पाहिली. शेजारच्या घरातून ती दोघं समोरच्या घरात गेली आणि दिवेलागणीला परतली तेव्हा श्रावणीच्या हातात बॅटरी होती आणि चेहरा लाल झाला होता. एका घरी कुंडीखालच्या ताटलीत अळ्या सापडल्या होत्या. त्या तिनं शोधल्या होत्या, मामांना दिसल्या नव्हत्या. जेवताना ती दुसरं काही बोललीच नाही.

त्यानंतर रविवार सोडून रोज पाच वाजता मामा दारात उभे राहत आणि दोघं फेरीला निघत. सोमवारी मंडईकडची गल्ली, मंगळवारी किल्ल्याच्या खंदकालगतची घरं, बुधवारी बसस्थानकामागची वस्ती. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्यामुळं घरोघर टिपाडं, हौद, घागरी भरलेल्या. तपासायला काय कमी? जिने चढायचे, गच्च्यांवर जायचं, हौदात वाकायचं, झाकणं उचलायची. महिन्याभरात गल्लीतल्या बायका तिला सायबीन म्हणायला लागल्या. ती आली की पटापट टिपाडं झाकत. एका घरच्या कूलरमध्ये अळ्या निघाल्या आणि त्या बाई उद्या धुते म्हणाल्या, तर पोरगी दारातून हलली नाही. आत्ताच धुवा, आम्ही थांबतो, म्हणाली. मामा मागं भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी मधे एक शब्द घातला नाही. वर्गात जिला शेजारी बसायला पाकीट द्यावं लागायचं, तिच्याबरोबर फेरीला येऊ का म्हणून आता दोन मैत्रिणी विचारत होत्या.

वर्ष-सव्वा वर्ष असं गेलं. पुढं भूमला माझ्या मेव्हण्याचं लग्न झालं. पंगतीत सविताच्या एका काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की या पोरीला वेगळी पंगत मांडा. माणसं हसली. मीसुद्धा कसनुसा हसलो, हे मला सांगितलंच पाहिजे. श्रावणी अर्ध्या ताटावरून उठली. घरी आल्यावर दोन दिवस तिनं जेवण टाळलं. शाळेत खाल्लंय, पोट भरलंय, असं काहीबाही सांगत राहिली. तिसऱ्या दिवशी अंघोळ करून बाहेर येताना तिला भोवळ आली.

तो रविवार होता, फेरीला सुट्टी होती. तरी निरोप मिळताच आले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी टिपाडाकडं बघितलं नाही. सरळ आत येऊन श्रावणीसमोर जमिनीवर बसले. त्यांना रागावलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. आवाज मात्र चढला नव्हता.

"बेटा, म्या सारी नोकरी उपाशी लेकरं मोजण्यात घालवली. दंडाला पट्टी लावून मोजली. काही लेकरं म्या दुसऱ्यांदा गेलो तवा घरात नव्हती. उपाशी ऱ्हाऊन कुणी चांगलं झालेलं म्या बघितलं न्हाई. तुला उपाशीच ऱ्हायचं असंल तर आपली फेरी आजपासून बंद. बॅटरी दे माझी."

श्रावणी रडायला लागली. बॅटरी मात्र तिनं दिली नाही. मामांनी सविताला दोन ताटं मागितली, एक तिला, एक स्वतःला. भाकरी, मुगाचं वरण, कांदा. ती जेवेपर्यंत तेही सावकाश जेवत राहिले. मग मला घेऊन ओसरीवर आले आणि म्हणाले, त्या काकांना फोन लाव. मी म्हटलं, मामा, ते मोठे आहेत, सविताच्या माहेरचे. ते म्हणाले, म्हणूनच. मी फोन लावला. वडीलधाऱ्या माणसाला तुम्ही चुकलात असं मी जन्मात प्रथमच सांगितलं.  काका चिडले, वर्षभर बोलले नाहीत. पण मी फोनवर बोलत होतो तेव्हा श्रावणी दाराआड उभी होती, आणि त्या रात्री ती माझ्याशेजारी येऊन जेवायला बसली.

डॉक्टरीणबाईंनी दोन-तीन वर्षं म्हटलं होतं, तीन लागली. मध्ये दिवाळ्या आल्या, आजारपणं आली, एका उन्हाळ्यात सगळं विस्कटलं आणि पुन्हा पहिल्यापासून धरावं लागलं. श्रावणी उंच झाली. मानेवरचा पट्टा फिकट होत होत गेला. एका भेटीत बार्शीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद बघून सांगितलं की साखर ठीक आहे, आता वर्षातून एकदा आलात तरी चालेल. मी पेढे घ्यायला वळलो तर श्रावणीनंच हात धरला. मामांना पेरू आवडतात म्हणाली. आम्ही पेरू घेऊन परतलो. आज ती दहावीत आहे. काडी झालेली नाही, होणारही नाही, आमच्याकडची हाडंच रुंद आहेत. पण सायकलवर शाळेत जाते, जिना दमानं नाही, दडदडा चढते, आणि शनिवारी तिच्या पोटात दुखत नाही. माझंही पोट उतरलं. ते मात्र मामांनी मला दर गुरुवारी बोलून दाखवलं.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. सकाळची नमाज पढून खाटेवर टेकले आणि पुन्हा उठले नाहीत. त्या दिवशी आमच्या गल्लीनं दुकानं उघडली नाहीत. ज्यांच्या घरी ते कधीकाळी रक्ताचा नमुना घ्यायला गेले होते अशी आसपासच्या खेड्यांतली माणसं दुपारपर्यंत येत राहिली.

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेलो. खातूनमामी, म्हणजे त्यांची बायको, ओट्यावर बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. उठताना मी म्हटलं की मामांनी माझ्या पोरीसाठी फार केलं, ते मला कधी फेडता येणार नाही. मामी म्हणाल्या, तुम्हाला म्हणून सांगते, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची गादी पार झिजली होती. सोलापूरच्या डॉक्टरनं जास्त चालू नका, जिने तर चढूच नका, असं सांगितलं होतं. हे तुमची पोर फेरीला यायला लागली त्याच्याही आधीचं. रोज संध्याकाळी परत येऊन ते मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसायचे. मला ताकीद होती, सुधीरला बोलू नको, तो पोरीला पाठवायचा न्हाई.

मी तसाच घरी आलो. श्रावणी पुस्तक घेऊन स्टुलावर बसली होती. मी तिला मामी जे बोलल्या ते सांगितलं.  मला वाटलं होतं ती रडेल. तिनं पुस्तक मिटलं.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "किल्ल्याकडच्या चढावर त्यांचा पाय उचलायचा नाही. ते कबूल करायचे नाहीत. मग मीच म्हणायचे, आजोबा, मी दमले, जरा बसू या."

"मग?"

"मग ते लगेच बसायचे. आणि म्हणायचे, दम खा बेटा, मला काय घाई न्हाई."